झाड रॅममध्ये लावू नका: मोठी एक्सएमएल फाइल कमी मेमरीत कशी लिहायची

नोकरीच्या पहिल्या वर्षी अंधेरीतल्या एका छोट्या ऑफिसात माझ्याकडे काम आलं: हाउसिंग सोसायट्यांच्या सभासदांची माहिती डेटाबेसमधून काढून एका एक्सएमएल फाइलमध्ये, म्हणजे एकात एक टॅग असलेल्या मजकुराच्या फाइलमध्ये, बसवायची. विभाग, विभागात सोसायट्या, सोसायटीत इमारती, इमारतीत फ्लॅट, फ्लॅटमध्ये सभासद. शंभर सोसायट्यांवर प्रोग्रॅम चालवून पाहिला, दोन सेकंदांत फाइल तयार. संध्याकाळी पूर्ण डेटावर लावून दिला आणि लोकल पकडली. सकाळी येऊन बघतो तर काळ्या स्क्रीनवर एकच शब्द, 'किल्ड'. फाइल शून्य बाइटांची.

शेजारच्या टेबलावरच्या सीनियर ताईंनी चहाचा कप खाली न ठेवताच विचारलं, "सगळं झाड रॅममध्ये लावलंस ना?"

लावलं होतं, म्हणजे सगळे टॅग आधी मेमरीत एकमेकांना जोडले होते. पुस्तकात तसंच दिलं होतं: मूळ बनवा, फांद्या जोडा, पानं जोडा, शेवटी 'सेव्ह'. छोट्या फाइलला ही पद्धत उत्तम आहे. मोठ्या फाइलला ती का चालत नाही आणि त्याऐवजी काय करायचं, ते नव्याने या कामात पडलेल्यांसाठी लिहितो आहे. उदाहरणं पायथॉनची आहेत, पण जावा, पीएचपी किंवा नोडवाल्यांचंही दुखणं हेच आहे.

आधी हिशोब, मग कोड

समजा ४० लाख फ्लॅट आहेत आणि प्रत्येक फ्लॅटखाली पाच टॅग: मजला, क्षेत्रफळ, सभासदाचं नाव, शेअर सर्टिफिकेटचा नंबर, तारीख. म्हणजे ४० लाख फ्लॅट आणि त्यांची २ कोटी पोरं, एकूण २ कोटी ४० लाख टॅग. मेमरीत प्रत्येक टॅग ही एक स्वतंत्र वस्तू असते. तिचं स्वतःचं वेष्टन, आतल्या मजकुराचं वेगळं वेष्टन, पोरांची यादी असल्यास तिची जागा. कच्चा अंदाज म्हणून टॅगमागे दीडशे बाइट धरा. झाले ३.६ जीबी. आणि अजून फाइलमध्ये एक अक्षरही गेलेलं नाही.

आता नवशिके जे हमखास करतात ते करा: झाडाची एक मोठी स्ट्रिंग बनवा आणि ती फाइलमध्ये लिहा. फ्लॅटमागे २५० अक्षरं धरली तर १०० कोटी अक्षरांची स्ट्रिंग झाली. इथे मराठी माणसाला एक खास टोला बसतो. पायथॉन ३.३ पासून स्ट्रिंगमध्ये एका अक्षराला किती बाइट लागणार, हे त्या स्ट्रिंगमधलं सगळ्यात 'रुंद' अक्षर ठरवतं. सगळा मजकूर साधा रोमन असेल तर अक्षराला १ बाइट. त्यात एक देवनागरी अक्षर आलं की संपूर्ण स्ट्रिंगमध्ये प्रत्येक अक्षराला २ बाइट, अगदी टॅगमधल्या रोमन अक्षरांनासुद्धा. आणि एखाद्या उत्साही सेक्रेटरीने सोसायटीच्या नावापुढे फुलाचा इमोजी टाकला असेल तर प्रत्येकाला ४. एका फुलापायी २ जीबीची स्ट्रिंग ४ जीबीची होते. शिवाय ती डिस्कवर जाण्याआधी यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत लिहायची पद्धत) बदलली जाते, तेव्हा जीबीभराची आणखी एक प्रत बनते.

झाड, स्ट्रिंग, बाइट: एकाच माहितीच्या तीन प्रती एकाच वेळी रॅममध्ये. इमोजी नसतानाही हे सात जीबीच्या घरात जातं. आठ जीबीच्या मशीनवर ब्राउझरही उघडा असेल तर पुढचं सांगायला नको.

कुठली भिंत लागली ते ओळखा

प्रोग्रॅम मेला की लगेच कोड बदलू नका. आधी तो कशामुळे मेला ते बघा, कारण प्रत्येक भिंतीवरचा उपाय वेगळा.

लिनक्सवर 'किल्ड' दिसलं किंवा कंटेनर १३७ नंबर देऊन थांबला, तर बहुधा मशीनची किंवा कंटेनरची मेमरी संपली आणि कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) तुमचा प्रोग्रॅम मारला. १३७ म्हणजे १२८ अधिक ९, आणि ९ हा सक्तीने मारण्याचा सिग्नल. जावात 'आउट ऑफ मेमरी' आलं तर आधी हीप, म्हणजे जावाला मिळालेल्या मेमरीची मर्यादा, बघा. वेगळं काही सांगितलं नसेल तर जावा साधारणपणे मशीनच्या रॅमच्या पाव हिश्श्यावर थांबतं, त्यामुळे १६ जीबीच्या मशीनवरही प्रोग्रॅम ४ जीबीत मरतो. पीएचपीची मूळ मर्यादा १२८ एमबी. नोडमध्ये रॅम कितीही असली तरी एका स्ट्रिंगला मर्यादा आहे, ६४ बिटवर सुमारे ५३ कोटी ६८ लाख अक्षरांची. त्यापुढे तो स्ट्रिंगची लांबी चुकीची असल्याचं सांगून हात वर करतो. विंडोजवर कुणी जुनं ३२ बिटचं पायथॉन टाकून ठेवलं असेल तर एका प्रोसेसला एरवी २ जीबीच मिळतात, वर कितीही रॅम बसवा.

आणि काहीच न मरता मशीन नुसतं गुरगुरत बसलं असेल, माउस अडखळत असेल, तर स्वॅप चालू झालाय. स्वॅप म्हणजे चाळीतल्या खोलीचा पोटमाळा. खाली जागा नाही म्हणून सामान वर टाकायचं, आणि दर दोन मिनिटांनी काहीतरी काढायला शिडी लावायची. काम अडत नाही, पण संपतही नाही.

इथे एक प्रामाणिक सल्ला. काम आयुष्यात एकदाच करायचं असेल आणि कोड चालू स्थितीत असेल, तर क्लाउडवर तासाभरासाठी ६४ जीबीचं मशीन भाड्याने घ्या आणि मोकळे व्हा. त्यात कमीपणा नाही. पुढचं सगळं अशांसाठी, ज्यांना हीच फाइल दर महिन्याला बनवायची आहे.

वर्गणीची पद्धत

गणपतीची वर्गणी काढताना आपण सगळ्या भाडेकरूंना आधी अंगणात उभं करत नाही. पहिल्या मजल्यावरून सुरू करतो, दार वाजवतो, पावती फाडतो, पुढच्या दाराशी जातो. लक्षात फक्त एवढंच ठेवावं लागतं की आपण कुठल्या चाळीत, कुठल्या मजल्यावर, कुठल्या खोलीशी आहोत.

मोठी फाइल अशीच लिहायची. टॅग उघडला की तो थेट फाइलमध्ये जातो, आतला मजकूर जातो, टॅग बंद होतो, आणि प्रोग्रॅम तो विसरतो. हा तुकडा जवळून बघा:

<यादी>
  <विभाग नाव="जी उत्तर">
    <सोसायटी क्रमांक="१०४२">
      <इमारत नाव="बी">
        <फ्लॅट क्रमांक="३०४">
          <मजला>३</मजला>

(टॅग प्रत्यक्षात बहुधा रोमनमध्ये असतात. पण देवनागरी टॅगही एक्सएमएलमध्ये पूर्ण वैध आहेत, हे अनेकांना माहीत नसतं.)

मजल्याचा टॅग लिहून झाला त्या क्षणी उघडे टॅग किती? यादी, विभाग, सोसायटी, इमारत, फ्लॅट. पाच. लिहिणाऱ्याला तेवढीच पाच नावं लक्षात ठेवायची आहेत, म्हणजे नंतर ती उलट्या क्रमाने बंद करता येतील. फ्लॅट ४० लाख असोत की ४ कोटी, आकडा पाचच राहतो. मेमरी झाडाच्या खोलीप्रमाणे वाढते, पसाऱ्याप्रमाणे नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या हे गणित मोडू नये यासाठीच आहेत.

साधनं तयार आहेत. पायथॉनच्या मूळ संचात सॅक्सच्या (एक्सएमएल एकेक टॅग करत हाताळायची पद्धत) विभागात एक्सएमएल-जनरेटर आहे: टॅग उघड, मजकूर लिही, टॅग बंद कर. एलएक्सएमएल ही वेगळी लायब्ररी वापरत असाल तर त्यातलं 'एक्सएमएलफाइल' जास्त सोयीचं, कारण 'विथ'चा खंड संपला की टॅग आपोआप बंद होतो. जावात एक्सएमएल-स्ट्रीम-रायटर, डॉटनेट आणि पीएचपीत एक्सएमएल-रायटर. पीएचपीवाल्यांनी तो थेट फाइलवर उघडून अधूनमधून फ्लश करावा, म्हणजे साठलेला मजकूर फाइलमध्ये ढकलावा. मेमरीत उघडला आणि शेवटी एकदाच मजकूर मागितला, तर सगळं पुन्हा अंगणात उभं राहतं.

हाताने स्ट्रिंगा जोडून टॅग लिहायचा मोह होईल. आवरा. पहिल्याच 'पाटील & सन्स'ला फाइल मोडते, कारण मधलं चिन्ह एक्सएमएलने स्वतःसाठी राखलेलं आहे. शिवाय जुन्या सॉफ्टवेअरमधून आलेल्या नावांत न दिसणारी कंट्रोल अक्षरं लपलेली असतात, आणि एक्सएमएल १.० मध्ये टॅब आणि ओळ बदलणारी अक्षरं सोडता बाकीची चालत नाहीत. एलएक्सएमएल अशा अक्षरावर तिथल्या तिथे तक्रार करतं. पायथॉनचं मूळ एलिमेंटट्री मुकाट्याने लिहून मोकळं होतं, आणि बोंब समोरच्याच्या मशीनवर होते. मला ओरडणारं साधन आवडतं.

माझी नेहमीची तडजोड: एका वेळी एक सोसायटी

प्रत्येक टॅग सुटा लिहायचा म्हटलं तर कोड कंटाळवाणा होतो, आणि एक अडचणही येते. सोसायटीच्या टॅगवरच एकूण फ्लॅट किती ते लिहायचं असतं. पोरं मोजायच्या आधी आईच्या कपाळावर आकडा कसा लिहिणार?

म्हणून मी वरचे दोन टॅग, यादी आणि विभाग, उघडे ठेवून लिहितो, आणि प्रत्येक सोसायटीचं छोटं झाड मात्र मेमरीत पूर्ण बनवतो. फ्लॅट मोजतो, आकडा टाकतो, ते झाड फाइलमध्ये लिहितो आणि सोडून देतो. पाचशे फ्लॅटचं संकुल असलं तरी ते झाड काही शे केबीचं. क्रम असा:

यादी उघड
  प्रत्येक विभागासाठी: विभाग उघड
    प्रत्येक सोसायटीसाठी: छोटं झाड बनव, मोज, लिही, विसर
  विभाग बंद
यादी बंद

'विसर' हा शब्द गंभीरपणे घ्या. माझ्या दुसऱ्या प्रयत्नात सगळं असंच होतं आणि तरी मेमरी चढतच होती. अर्धा दिवस शोधल्यावर सापडलं: चुका नोंदवायला मी एक यादी ठेवली होती आणि तिच्यात चुकलेल्या ओळीबरोबर अख्खी सोसायटी जोडत होतो. प्रोग्रॅमने लिहून टाकलेली झाडं त्या यादीने धरून ठेवली होती. चुका फाइलमध्ये लिहा, यादीत साठवू नका. तेच 'आधी पाहिलेल्या नंबरांचा संच' ठेवण्याबद्दल. दुबार नोंदी पकडायचं काम डेटाबेसचं आहे, त्याच्यावर सोपवा.

पूर्ण फाइलचा एकूण आकडा सगळ्यात वर हवा, असा हट्ट समोरचा धरतो. धरतोच. सोपा उपाय म्हणजे आधी मोजणीची वेगळी क्वेरी मारणं. मात्र मोजणी आणि लिखाण यांच्या मध्ये डेटा बदलणार नाही याची काळजी घ्या, दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करा आणि पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये आयसोलेशन 'रिपीटेबल रीड' ठेवा, म्हणजे दोन्हींना डेटा एकाच क्षणाचा दिसेल. नाहीतर वर ४० लाख आणि खाली ४० लाख ३ असं होऊन फाइल परत येते.

डेटा रांगेत यायला हवा

दारोदार जायचं तर पत्ते ओळीने हवेत. आधी दादरचा एक फ्लॅट, मग बोरिवलीचा, मग पुन्हा दादरचा अशी माहिती आली, तर बंद केलेला टॅग पुन्हा उघडता येत नाही. त्यामुळे क्वेरीतच विभाग, सोसायटी, इमारत, फ्लॅट या क्रमाने लावून घ्या. एवढं सॉर्टिंग मेमरीत कसं मावेल, ही चिंता तुमची नाही. पोस्टग्रेस ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेलं की डिस्कवर तात्पुरते तुकडे करून सॉर्ट करतं. डेटाबेसच नसेल, नुसत्या सीएसव्ही असतील, तर लिनक्सची सॉर्ट आज्ञाही तेच करते. फक्त तिचे तुकडे टेंप फोल्डरमध्ये पडतात, तिथे जागा आहे ना ते बघा. किंवा सीएसव्ही एका एसक्यूलाइट फाइलमध्ये ओता आणि इंडेक्स लावा. मला हा मार्ग सगळ्यात शांत वाटतो.

गट पाडताना नावावर पाडू नका, नंबरवर पाडा. 'दादर' आणि शेवटी स्पेस असलेलं 'दादर ' हे प्रोग्रॅमला दोन वेगळे गट वाटतात, हे तर आहेच. मराठीत याहून छुपा खड्डा आहे. 'किनाऱ्या'तला अर्धा ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकच स्वतंत्र अक्षर म्हणून, किंवा साधा र आणि त्याखाली नुक्ता म्हणून. डोळ्याला दोन्ही सारखे, बाइटांना वेगळे. दोन ऑपरेटरांनी दोन कीबोर्डांवरून नाव भरलं की एका सोसायटीच्या दोन सोसायट्या होतात. नाव वापरणं भागच असेल तर आधी एनएफसी रूपात (युनिकोडचं ठरलेलं एकसारखं रूप) आणून घ्या.

आता या टप्प्यावरचा हुकमी सापळा. लिहिण्याची बाजू नीट केली आणि तरी मेमरी पहिल्याच मिनिटात भरली, तर दोष वाचण्याच्या बाजूला असतो. सायकोपीजी२ (पायथॉनला पोस्टग्रेसशी जोडणारी लायब्ररी) मधला साधा कर्सर, म्हणजे क्वेरीच्या ओळी आणून देणारी वस्तू, क्वेरीचं पूर्ण उत्तर तुमच्या मशीनवर आणून ठेवतो, तुम्ही लूपमध्ये एकेक ओळ वाचत असलात तरी. कर्सरला नाव दिलं की तो सर्व्हरवर राहतो आणि लूपमध्ये एका खेपेला २,००० ओळी आणतो. मायएसक्यूएलच्या पायमायएसक्यूएलमध्ये यासाठी एसएस-कर्सर वेगळा आहे. आणि हो, क्वेरीच्या उत्तराला लिस्टमध्ये गुंडाळायची सवय असेल तर ती इथे सोडा.

जुनी मोठी एक्सएमएल वाचून नवी बनवायची असेल तर फाइल एकेक टॅग करत वाचणारं 'इटरपार्स' वापरा आणि वापरून झालेला टॅग रिकामा करा. पण रिकामं केलेलं टरफल मूळ टॅगच्या यादीत लटकतच राहतं. ४० लाख टरफलंही जड होतात, म्हणून मुळालाही अधूनमधून रिकामं करा.

एन्कोडिंग आणि जेसन

एलिमेंटट्रीला एन्कोडिंग सांगितलं नाही तर ते आस्की (फक्त रोमन अक्षरं आणि साधी चिन्हं) धरतं आणि प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी त्याचा आकडा लिहितं. 'मुंबई' ही युनिकोडच्या हिशोबात पाच चिन्हं. यूटीएफ-८ मध्ये त्यांना १५ बाइट लागतात, या आकडी रूपात ३५. यूटीएफ-८ स्पष्ट सांगा.

जेसन ही माहिती लिहायची दुसरी पद्धत. पायथॉनच्या जेसनमध्येही तोच प्रकार: मूळ सेटिंगवर प्रत्येक चिन्हाचे ६ बाइट, 'मुंबई'चे ३०. 'एन्शुअर आस्की' बंद केलं की १५. जेसनमध्ये खरं तर एक अख्खी भलीमोठी रचना बनवायचीच कशाला? समोरच्याची हरकत नसेल तर जेसन लाइन्स द्या: एका ओळीत एक सोसायटी, ओळ संपली की विषय संपला. एकच ॲरे हवा असा आग्रह असेल तर चौकटी कंस स्वतः उघडा, पहिली सोसायटी सोडून प्रत्येकीच्या आधी स्वल्पविराम टाका, शेवटी कंस बंद करा. स्वल्पविराम नंतर टाकायला गेलात तर शेवटचा एक उरतो आणि फाइल फेटाळली जाते.

आकड्यांचाच डेटा असेल, म्हणजे सेन्सर, हवामान, प्रतिमा, तर एक्सएमएल-जेसनच्या भानगडीत न पडता एचडीएफ५ हा आकड्यांसाठीचा फाइल-प्रकार बघा. तिथेही झाडच असतं: सांताक्रूझ आणि कुलाबा हे गट, त्यात वर्षं, वर्षात पावसाची मालिका. मालिका चंक करून (ठरावीक आकाराचे तुकडे पाडून), वाढवता येईल अशी बनवा आणि थोडी थोडी जोडत जा. चंक साधारण १० केबी ते १ एमबीच्या दरम्यान ठेवा. मग २६ जुलै २००५ चा, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडलेला, तेवढाच दिवस वाचता येतो, बाकी वर्षाला हात लावावा लागत नाही. एक ध्यानात ठेवा: आतली मालिका पुसली म्हणून फाइल लहान होत नाही, त्यासाठी ती रीपॅक करावी लागते.

मोजा

'आता कमी मेमरी लागते असं वाटतं' हे चालणार नाही. लिनक्सवर टाइम नावाची स्वतंत्र आज्ञा आहे (शेलच्या अंगची नव्हे), तिला 'व्ही' पर्याय दिला की प्रोग्रॅमने जास्तीत जास्त किती मेमरी धरली ते शेवटी कळतं. विंडोजवर टास्क मॅनेजरकडे डोळे लावून बसा. प्रोग्रॅम १ लाख फ्लॅटांवर चालवा, मग १० लाखांवर. दोन्ही वेळा आकडा जवळपास सारखा आला तर ४० लाखांची काळजी नको. दसपट झाला तर कुणीतरी काहीतरी धरून बसलंय. दीडपट झाला तरी सोडू नका. माझी चुकांची यादी अशीच हळूहळू चढत होती.

हातात देण्याआधी

फाइल थेट शेवटच्या नावाने लिहू नका. तात्पुरत्या नावाने लिहा आणि पूर्ण झाल्यावरच नाव बदला, म्हणजे मध्येच मेलेली अर्धवट फाइल कुणी चांगली समजून उचलणार नाही. लिहितानाच जीझिपमधून सोडली तर डिस्कही वाचते. सारखे सारखे टॅग असल्यामुळे एक्सएमएल चांगली चेपते.

तपासताना फाइल एडिटरमध्ये उघडायला जाऊ नका, तो पुन्हा सगळं रॅममध्ये ओढेल. एक्सएमएल-लिंटला 'स्ट्रीम' पर्याय आहे, तो वापरा. आधी नुसती शेवटची ओळ बघितली तरी अर्धी चिंता मिटते: तिथे </यादी> असायला हवं.

त्या पहिल्या कामाची फाइल शेवटी नीट तयार झाली, पाच जीबीच्या वर गेली, आणि न्यायला आलेले गृहस्थ पेनड्राइव्ह घेऊन आले. कॉपी मध्येच अडकली. जागा भरपूर होती, पण पेनड्राइव्ह फॅट३२ चा होता आणि त्यावर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी राहतच नाही. एक्सफॅटला फॉरमॅट करायला गृहस्थ तयार नव्हते, मुलीच्या साखरपुड्याचे फोटो होते म्हणे. मग जीझिप केलेली फाइल दिली. ती त्या फोटोंच्या शेजारी आरामात मावली.